मलायी साहित्य

मलायी साहित्य : आग्नेय आशियातील मलायी भाषेत सातव्या शतकापासून निर्माण होत आलेले मौखिक व लिखित वाङ्मय. मलायी ही ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलातील भाषा असून मलाया द्वीपकल्प, सुमात्रा बेटाचा पूर्व किनारा, रिआऊ बेटे व बोर्निओची किनारपट्टी ही तिची पारंपरिक भूमी होय. मलेशिया, ब्रूनाई व सिंगापूर ह्या देशांची ती राष्ट्रभाषा आहे. इंडोनेशियाची राष्ट्रभाषाही मलायीवरच आधारलेली आहे. तथापि तेथील विसाव्या शतकातील साहित्याचा विकास वेगळ्या राजकीय परिस्थितीत झाला असल्याने त्याचा विचार इंडोनेशियन साहित्य ह्या नावाने स्वतंत्रपणे केला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारत व चीन ह्यांच्या दरम्यानचा सागरी व्यापार मलाक्काच्या सामुद्रधुनीतून चालत असे. मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असलेल्या जहाजांना वारा फिरेपर्यंत ह्या सामुद्रधुनीलगतच्या बंदरांत थांबावे लागे. त्यामुळे ह्या बंदरांत भारतीय, अरब, इराणी, चिनी व जावानी व्यापाऱ्यांचा दीर्घ काळ मुक्काम पडे आणि त्या सर्वांच्या परस्परव्यवहाराची भाषा म्हणून मलायीचा प्रसार झाला. मालाबरोबर धर्म, लिपी, कथा व ग्रंथ हेही ह्या बंदरांत उतरले. मलायी साहित्याच्या घडणीत भारतीय, इस्लामी व यूरोपीय असे तीन प्रभाव एकामागून एक आलेले दिसतात. त्यांपैकी नंतरच्या प्रभावाने आधीचा पुसून टाकला नाही. जुना आशय व जुने शब्द नव्या श्रद्धेच्या चौकटीत सामावून घेण्याची प्रवृत्ती ह्या साहित्यात प्रारंभापासून आढळते. तथापि ही सामावण्याची क्रिया नेहमीच सहज झाली, असे मात्र नाही. पूर्वजांच्या ठेव्यापैकी काय राखावे व काय टाकावे, ह्या प्रश्नावरून प्रत्येक संक्रमणाच्या वेळी वाद झाले, काही प्रसंगी ग्रंथही जाळले गेले. मलायी साहित्याच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे सूत्र होय.

प्राचीन कोरीव लेख : मलायी भाषेचे सर्वांत जुने उपलब्ध नमुने दक्षिण सुमात्रेत व लगतच्या बांका बेटावर सापडलेल्या श्रीविजय साम्राज्याच्या कोरीव लेखांत आढळतात. ते पल्लव लिपीत असून त्यांतील कालगणना शक संवताची आहे. पालेंबांगजवळील केदुकान बुकित येथील लेख इ. स. ६८२-८३ च्या सुमाराचा असून त्यात दापुंता ह्यांग नावाच्या अधिपतीने वीस हजारांच्या सैन्यासह केलेल्या ‘सिद्धयात्रे’चा निर्देश आहे. तालांग तुवो येथील लेखावर शके ६०६, चैत्र शुक्ल द्वितीया (२३ मार्च ६८४) ही तिथी कोरलेली आहे. नारळ, पोफळ, साबुदाण्याचा वृक्ष व बांबू ह्यांनी युक्त असे उद्यान राजाने सिद्ध केल्याचा उल्लेख त्यात असून त्याचे पुण्य सर्व प्राणिमात्रांस लाभावे, अशी महायान बौद्ध पंथाची प्रार्थना त्यास जोडलेली आहे. बांका बेटावरील कोटा कापूर येथील शके ६०८ (इ. स. ६८६) च्या लेखात राजद्रोह करणाऱ्यांस शापवचने आहेत. इ. स. ६७१ मध्ये भारताकडे निघालेला चिनी यात्रेकरू इत्सिंग हा श्रीविजयमध्ये सहा महिने राहून संस्कृत व्याकरण शिकला होता, ह्यावरून त्या काळी हे नगर विद्येचेही केंद्र असल्याचे दिसते.

ह्या लेखांना ललित साहित्य म्हणता येत नाही. ताडपत्रादी नाशवंत साधनांवर त्या काळी जे काही लिहिले गेले असेल, ते उष्ण व दमट हवेत टिकले नाही. परंतु भारतीय संपर्काची खूण भाषेत खोलवर राहिली. ‘बहासा’ (भाषा), ‘राजा’, ‘पुत्रा’ (पुत्र), ‘चेरिता’ (चरित, अर्थ कथा), ‘काता’ (कथा, अर्थ बोलणे वा शब्द), ‘सुका’ (सुख) व ‘दुका’ (दुःख) हे मलायीतील नित्याचे शब्द आहेत. साहित्याला मलायीत ‘केसुसास्त्राआन’ म्हणतात. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘शास्त्र’ हा शब्द आहे.

मौखिक परंपरा : लेखनाच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक प्रमाणात, मलायी समाजाचे वाङ्मय मुखपरंपरेने चालत आले. भातशेती, मासेमारी, शिकार, रोगनिवारण इत्यादी प्रसंगी म्हणावयाचे मंत्र, म्हणी, उखाणे, ‘सांग कांचिल’ ह्या चतुर पिसोरी हरणाच्या कथा आणि ‘पेंगलिपुर लारा’ म्हणजे दुःख हरण करणारे कथेकरी गावोगाव फिरून सांगत ती दीर्घ आख्याने, हे ह्या परंपरेचे प्रमुख प्रकार होत. मंत्रांत शिव, विष्णू व गणेश ह्यांच्या नावांशेजारी अल्ला व पैगंबर ह्यांचीही नावे येतात. केलांतान प्रदेशातील ‘वायांग कुलित’ हे चामड्याच्या बाहुल्यांचे छायानाट्य मुख्यतः रामकथेवर आधारलेले असून ‘दालांग’ म्हणजे सूत्रधार एकटाच सर्व पात्रांची भाषणे म्हणतो.

‘पांतुन’ हा मलायी लोकांचा सर्वांत प्रिय असा काव्यप्रकार होय. त्यात चार ओळी असून पहिलीचे तिसरीशी व दुसरीचे चौथीशी यमक जुळते. पहिल्या दोन ओळींत सामान्यतः निसर्गातील वा नित्य व्यवहारातील एखादे दृश्य असते, तर पुढील दोन ओळींत मनोगत व्यक्त होते. वरवर पाहता ह्या दोन भागांत संबंध दिसत नाही. परंतु आरंभीच्या दृश्याची छाया मनोगतावर पडलेली जाणत्या श्रोत्यास उमगते. विवाहाची बोलणी, शेतीची कामे, प्रेमातील आर्जव व वडीलधाऱ्यांचा उपदेश, अशा सर्व प्रसंगी पांतुनाचा उपयोग होतो. जे उघड बोलणे असभ्य ठरेल, ते सूचित करण्याची सोय ह्या रचनेत आहे. फ्रेंच कवी व्हिक्टर ह्यूगो ह्याने आपल्या लेझ ओरिएंताल (१८२९) ह्या संग्रहाच्या टिपांत एका पांतुनाचे भाषांतर दिले होते व त्यातून यूरोपीय कवितेत ह्या प्रकाराचे अनुकरण सुरू झाले. २०२० मध्ये यूनेस्कोने पांतुनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

इस्लामचे आगमन व जावी लिपी : सुमात्रेच्या उत्तर किनाऱ्यावरील बंदरांत तेराव्या शतकाच्या अखेरीस इस्लाम धर्म स्थिरावला. मार्को पोलोने १२९२ मध्ये पेर्लाक येथे मुसलमान रहिवासी पाहिल्याचे नमूद केले आहे. पासाईचा पहिला सुलतान मलिक अस्सालिह ह्याच्या कबरीवर १२९७ हे वर्ष आहे. पासाईतील पुढील काळाच्या काही कबरींचे कोरीव दगड गुजरातमधील खंबायत येथून आणलेले आहेत. ह्यावरून ह्या धर्मप्रसारात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांचाही वाटा होता, हे स्पष्ट होते. सु. १४०० मध्ये परमेश्वर ह्या राजपुत्राने वसविलेले मलाक्का हे पंधराव्या शतकात ह्या भागातील सर्वांत मोठे बंदर व इस्लामी विद्येचे केंद्र बनले.

इस्लामबरोबर अरबी लिपी आली. अरबीत नसलेल्या च, ङ, प, ग व ञ ह्या मलायी ध्वनींसाठी तीत नवी अक्षरे घालण्यात आली. ह्या लिपीस ‘जावी’ असे नाव आहे. मलाया द्वीपकल्पातील तेरेंगानू येथे सापडलेला शिलालेख हा जावी लिपीतील सर्वांत जुना उपलब्ध लेख मानला जातो. त्यावर हिजरी ७०२ (इ. स. १३०३) हे वर्ष वाचता येते, मात्र दगड खंडित असल्याने आकड्याचा काही भाग गळाला असावा व लेख त्याच शतकात नंतरचा असावा, असेही काही अभ्यासक मानतात. कर्ज, व्यभिचार, खोटी साक्ष इत्यादींविषयीचे इस्लामी नियम त्यात सांगितले आहेत. परंतु ईश्वराचा निर्देश अनेकदा ‘देवता मुल्या राया’ अशा जुन्या शब्दांनी केला असून शिक्षेसाठी ‘देंडा’ (दंड) हा शब्द वापरला आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आचेतील मिन्ये तुजोह येथे उभारलेल्या एका कबरीवर अरबी लेखाच्या जोडीला प्राचीन सुमात्री लिपीतील मलायी पद्य कोरलेले आहे.

हीच प्रक्रिया पुढे भाषेत स्थिर झाली. मलायी मुसलमान रमजानच्या रोजास ‘पुआसा’ (उपवास), पापास ‘दोसा’ (दोष), पुण्यास ‘पहाला’ (फल), स्वर्गास ‘शुर्गा’, नरकास ‘नराका’ व खुद्द धर्मास ‘आगामा’ (आगम) म्हणतात. नमाजासाठी रूढ असलेल्या ‘सेंबाह्यांग’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ह्यांग’ ह्या देवतेस वंदन असा आहे. केदुकान बुकितच्या लेखातील अधिपतीच्या नावात येणारा शब्द तो हाच.

भारतीय कथांची रूपांतरे : धर्मांतरानंतर भारतीय कथांचा त्याग झाला नाही, त्या जावी लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या. ह्या गद्य कथांना ‘हिकायत’ ही अरबी संज्ञा मिळाली. हिकायत सेरी राम ह्या रामकथेचे एक अतिशय जुने हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयात असून ते १६३३ पासून तेथे आहे. ह्या कथेत रावण बारा वर्षे खडतर तप करतो. आदम पैगंबरास त्याची दया येते व त्याच्या मध्यस्थीने अल्ला रावणास चार लोकांचे राज्य देतो. रावणाने न्यायाने राज्य करावे, अशी अट त्यास घातलेली असते. ती मोडल्यामुळे त्याचा नाश ओढवतो. सीता ही येथे मंदोदरीच्या पोटी जन्मलेली रावणाची कन्या आहे, तर हनुमान हा राम व सीता ह्यांचा पुत्र आहे. वाल्मीकिरामायणाहून भिन्न असलेले ह्यांतील काही प्रसंग भारतातील जैन व लोकपरंपरेतील रामकथांशी जुळतात, ही गोष्ट ह्या कथांचा प्रवास ग्रंथांप्रमाणेच मुखपरंपरेनेही झाल्याचे सुचविते.

महाभारतावरील कथा बहुतांशी जावानीच्या द्वारे आल्या. हिकायत पांडवा लिमा व हिकायत पांडवा जया ही त्यांची उदाहरणे होत. जावातील पंजी ह्या राजपुत्राच्या प्रणयकथाही लोकप्रिय झाल्या. संस्कृत शुकसप्तति फार्सीतील तूतीनामाच्या मार्गे हिकायत बायान बुदिमान (म. शी. शहाण्या पोपटाची कथा) ह्या रूपात मलायीत आली, तिच्या एका हस्तलिखितात कादी हसन ह्या लेखकाचे नाव व १३७१ शी जुळणारे हिजरी वर्ष दिलेले आहे. पंचतंत्रातील कथा अरबी-फार्सी परंपरेतून हिकायत कलीला दान दमीना ह्या नावाने आल्या, तर पुढे १८३५ मध्ये मुनशी अब्दुल्ला ह्याने त्याच कथा तमिळमधून स्वतंत्रपणे भाषांतरित केल्या.

अरब-इराणी परंपरेतील वीरकथांनाही मोठा वाचकवर्ग लाभला. हिकायत अमीर हमजा, हिकायत मुहम्मद हनफिया व हिकायत इस्कंदर जुल्कर्नैन ह्या त्यांपैकी प्रमुख होत. पोर्तुगीजांनी मलाक्कावर अखेरचा हल्ला करण्याच्या आदल्या रात्री तरुण सरदारांनी मुहम्मद हनफियाची कथा वाचून दाखविण्याची मागणी केली. सुलतानाने आधी अमीर हमजाची कथा पाठविली, कारण हनफियाइतके शौर्य त्यांच्या अंगी असेल की नाही, अशी त्यास शंका होती, असा प्रसंग सेजारा मलायू ह्या इतिवृत्तात आला आहे. कथावाचन हा समूहाने अनुभवण्याचा व मनोबल वाढविण्याचा प्रकार होता, हे ह्यावरून कळते.

आचेतील धर्मविचार : १५११ मध्ये आफोंसू द आल्बुकर्कने मलाक्का जिंकले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने गोवा घेतले होते. मलाक्काच्या पाडावानंतर मुसलमान व्यापारी व विद्वान उत्तर सुमात्रेतील आचे येथे वळले आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत तेथे मलायी धर्मग्रंथांना बहर आला. हमजा फन्सुरी हा ह्या काळातील श्रेष्ठ सूफी कवी. आपल्या पद्यांत स्वतःचे नाव गोवणारा हा पहिला ज्ञात मलायी कवी होय. ‘शाइर’ हा चारही ओळींस एकच यमक असलेला काव्यप्रकार त्याने रूढ केला. समुद्र व लाट, नाव व प्रवास ह्या मलायी जीवनातील प्रतिमांच्या साहाय्याने त्याने ईश्वर व जीव ह्यांच्या एकत्वाचा विचार मांडला. त्याच परंपरेतील शम्सुद्दीन अस्सुमत्रानी (मृ. १६३०) हा आचेच्या दरबारातील प्रभावी विद्वान होता. बुखारी अल्-जौहरी ह्याचा ताजुस्सलातीन (१६०३, म. शी. राजमुकुट) हा राजधर्मावरील ग्रंथही ह्याच काळातील होय.

गुजरातमधील सुरतेजवळच्या रांदेर गावचा नूरुद्दीन अर्-रानिरी (मृ. १६५८) हा १६३७ मध्ये आचे येथे आला. सुलतान इस्कंदर सानी ह्याच्या आश्रयाने त्याने हमजा व शम्सुद्दीन ह्यांच्या मतांविरुद्ध मोहीम उघडली. त्या मतांच्या अनुयायांना पाखंडी ठरविण्यात आले, काहींना देहान्ताची शिक्षा झाली व हमजाचे ग्रंथ जाळण्यात आले. ह्याच रानिरीने बुस्तान अस्सलातीन (१६३८, म. शी. राजांचे उद्यान) हा सात भागांचा विश्वकोशसदृश ग्रंथ मलायीत लिहिला. सृष्टीची उत्पत्ती, पैगंबर व राजे ह्यांचा इतिहास, न्याय, नीती इ. विषय त्यात आले आहेत. राणी सफियतुद्दीन हिच्या कारकीर्दीत झालेल्या वादविवादानंतर १६४४ मध्ये रानिरीस आचे सोडावे लागले. त्यानंतरचा अब्दुर्रऊफ सिंकिली (मृ. १६९३) ह्याने कुराणावरील पहिले संपूर्ण मलायी भाष्य सिद्ध केले, एका मुसलमानाने दुसऱ्यास काफर ठरविण्याविरुद्धही त्याने इशारा दिला होता. हमजाची पद्ये मात्र ग्रंथदहनानंतरही नकलांच्या रूपाने टिकून राहिली आणि त्याने रूढ केलेला शाइर हा पुढील तीन शतके मलायीतील कथाकाव्याचा प्रमुख छंद ठरला. शाइर केन तांबुहान व शाइर बिदासारी ह्या प्रणयकथा आणि मकासारच्या पाडावाचे (१६६७–६९) वर्णन करणारे एंची आमिनचे शाइर पेरांग मेंगकासार ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत.

राजवंशांची इतिवृत्ते : सेजारा मलायू (म. शी. मलायी वंशवृत्त) हा अभिजात मलायी गद्याचा सर्वोत्कृष्ट नमुना मानला जातो. त्याचे मूळ नाव सुलालत अस्सलातीन असे आहे. जोहोरचा प्रधान तुन श्री लानांग ह्याच्याकडे त्याचे कर्तृत्व दिले जाते. एका महत्त्वाच्या प्रतीच्या प्रस्तावनेत हिजरी १०२१ (इ. स. १६१२) हे वर्ष असून ‘गोवा’ येथून आणलेल्या एका मलायी हिकायतीच्या आधारे ही रचना करण्यास सांगितल्याचा उल्लेख तीत आहे. हे गोवे म्हणजे पोर्तुगीज भारताची राजधानी, की सेलेबीझ बेटावरील गोवा नावाचे राज्य, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

ह्या ग्रंथाने मलायी राजांची वंशावळ इस्कंदर जुल्कर्नैन म्हणजे सिकंदर ह्याच्यापर्यंत नेली असून तीत भारतातील राजा सुरान हा समुद्राखालच्या राज्यात जाऊन आल्याची कथा गुंफली आहे. त्याचे वंशज पालेंबांगमधील सगुंतांग टेकडीवर प्रकटतात. तेथील अधिपती देमांग लेबार दाउन हा त्यांच्याशी करार करतो : राजाने प्रजेस कधीही अपमानित करू नये व प्रजेने, राजा जुलमी निघाला तरी, द्रोह करू नये. मात्र ह्याच ग्रंथात सिंगापूरचा किनारा तलवार-माशांच्या हल्ल्यापासून केळीच्या खुंटांचा तट उभारून वाचविण्याची युक्ती सांगणाऱ्या मुलास राजा संशयापोटी ठार करवितो, ही कथाही आहे. राजवंशाचे गौरवगान करीत असतानाच करार मोडणाऱ्या राजांचे परिणामही ग्रंथकाराने दाखविले आहेत आणि मलाक्काच्या पतनाची कारणे त्याने दरबारातील अन्यायात शोधली आहेत.

हिकायत हांग तुआह (सतराव्या शतकाचा उत्तरार्ध ते अठराव्या शतकाचा प्रारंभ) ह्या अनामिक ग्रंथात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने येतो. हांग तुआह हा मलाक्काच्या सुलतानाचा निष्ठावंत वीर. खोट्या आरोपावरून त्यास देहान्ताची शिक्षा होते. परंतु प्रधान त्यास लपवून ठेवतो. मित्रावरील अन्यायाने संतापलेला हांग जेबात राजवाडा काबीज करून बंड करतो. तेव्हा सुलतान हांग तुआहलाच परत बोलावतो आणि हांग तुआह राजाज्ञेनुसार, आपल्यासाठी बंड करणाऱ्या ह्या मित्रास ठार मारतो. निष्ठा श्रेष्ठ की न्याय, हा ह्या कथेने उपस्थित केलेला प्रश्न मलायी समाजात आजही चर्चिला जातो. २००१ मध्ये यूनेस्कोने सेजारा मलायू व हिकायत हांग तुआह ह्या दोन्ही ग्रंथांचा जागतिक स्मृतिलेखांच्या नोंदवहीत समावेश केला.

संक्रमणकाळ : १८२४ च्या इंग्रज-डच तहाने मलायी जगाची मलाक्काच्या सामुद्रधुनीवर दोन भागांत विभागणी झाली. जोहोर-रिआऊ हे एकच राज्य त्यामुळे दुभंगले. ह्या काळात दोन परस्परविरोधी वळणांचे लेखक पुढे आले. मलाक्का येथे जन्मलेला, तमिळ-अरब वंशाचा मुनशी अब्दुल्ला (१७९६–१८५४) हा सर स्टॅमफर्ड रॅफल्सच्या पदरी लेखक होता. १८४९ मध्ये सिंगापूरला शिळाप्रेसवर छापलेल्या हिकायत अब्दुल्ला ह्या आत्मचरित्रात त्याने अद्‌भुत कथा बाजूस सारून प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी लिहिल्या, राजांच्या जुलमावर कठोर टीका केली आणि मलायी लोक आपल्याच भाषेचा अभ्यास करीत नाहीत, अशी खंत व्यक्त केली. रॅफल्सने जमविलेली मलायी हस्तलिखिते १८२४ मध्ये ‘फेम’ ह्या जहाजास लागलेल्या आगीत नष्ट झाली. ह्या हानीचे दुःखही त्याने नोंदविले आहे. ज्यांच्या नकला मागे राहिल्या नव्हत्या, असे ग्रंथ त्यात कायमचे गेले.

रिआऊतील पेन्येंगात बेटावर राजा अली हाजी (सु. १८०८–सु. १८७३) ह्याने परंपरेच्या बाजूने उत्तर शोधले. गुरिंदाम दुआ बलास (१८४७) ही बोधपर द्विपद्यांची रचना, व्याकरण व कोश ह्यांवरील ग्रंथ आणि तुहफत अल्-नफीस हा मलायी व बूगी राजघराण्यांचा इतिहास ही त्याची महत्त्वाची कामगिरी होय. त्याची नात राजा आयशा सुलैमान हिने पुरुषवेषात पराक्रम करणाऱ्या नायिकेची कथा लिहिली.

मुद्रणाच्या प्रसाराने हस्तलिखितांची परंपरा मागे पडू लागली. जावी लिपीतील ग्रंथ सिंगापूरबरोबरच मक्का, कैरो व मुंबई येथेही छापले जात. मुंबईच्या शिळाछापखान्यांतील मलायी धर्मग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजांनी सिंगापूरच्या बाजारात पोहोचत. मुंबईशी आलेला दुसरा संबंध रंगभूमीचा आहे. १८७० नंतर पारशी नाटक कंपन्यांचे पेनांग येथे दौरे झाले. त्यांच्या अनुकरणातून ‘बांगसावान’ हे संगीतप्रधान मलायी नाट्य निर्माण झाले व १८८५ मध्ये पेनांगला त्याची पहिली मलायी मंडळी स्थापन झाली. प्रारंभी हे नाट्य ‘वायांग पारसी’ ह्या नावानेच ओळखले जाई.

आधुनिक साहित्य : जावी परानाकान (१८७६–९५) ह्या सिंगापूरच्या साप्ताहिकाने मलायी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला. अल्-इमाम (१९०६–०८) ह्या मासिकाने ईजिप्तमधील धर्मसुधारणेचे विचार आणले. त्याच्याशी संबंधित असलेल्या सय्यद शेख अल्-हादी ह्याची हिकायत फरीदा हानुम (१९२५-२६) ही स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारी कादंबरी ईजिप्तच्या पार्श्वभूमीवर आहे, तर अहमद रशीद तालू ह्याच्या इआकाह सालमाह (१९२८) हिच्यात प्रथमच मलायातील वातावरण आले. १९२२ मध्ये तांजुंग मालिम येथे स्थापन झालेल्या सुलतान इद्रिस अध्यापक महाविद्यालयातून ग्रामीण शिक्षक-लेखकांची पिढी निर्माण झाली. तेथील अनुवाद विभागात काम करणारा झाबा (१८९५–१९७३) हा आधुनिक मलायी व्याकरणाचा शिल्पकार मानला जातो. इशाक हाजी मुहम्मद ह्याच्या पुतेरा गुनुंग ताहान (१९३७) ह्या कादंबरीत वसाहतवाद्यांचा उपहास आहे.

१९५० मध्ये सिंगापूर येथे ‘आसास ५०’ ही लेखकसंघटना स्थापन झाली. समाजासाठी कला हे तिचे ब्रीद होते. केरिस मास, मसुरी एस. एन., उस्मान अवांग प्रभृती लेखक तिच्याशी निगडित होते. उस्मान अवांग (१९२९–२००१) ह्याच्या मातिन्या सेओरांग पाह्लावान (१९६१, म. शी. एका वीराचा मृत्यू) ह्या नाटकात जेबात हा अन्यायाविरुद्ध उभा राहणारा नायक ठरला. स्वतंत्र राष्ट्रात निष्ठा कोणाशी असावी, हा प्रश्न त्यामागे होता. ए. समद सईद ह्याची सलिना (१९६१) ही युद्धोत्तर सिंगापूरमधील दरिद्री वस्तीचे चित्रण करणारी कादंबरी, तर शाहनोन अहमद (१९३३–२०१७) ह्याची रंजाउ सपांजांग जालान (१९६६, म. शी. वाटेवरचे काटे) ही केदाह प्रदेशातील भातशेतकऱ्याच्या कुटुंबाची शोकांतिका होय. शेतात पायात गेलेल्या काट्याने लाहुमा मरतो, त्याची पत्नी जेहा भार सोसवेना म्हणून वेडी होते व शेतीचे ओझे मुलींवर येते. निसर्गाशी चाललेला हा झगडा लेखकाने अत्यंत संयमाने रेखाटला आहे.

१९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाल्यानंतर व १९६३ मध्ये मलेशियाच्या स्थापनेनंतर, १९५६ साली सुरू झालेली देवान बहासा दान पुस्ताका ही शासकीय संस्था भाषा व ग्रंथप्रकाशन ह्यांचे केंद्र बनली. १९६५ मध्ये सिंगापूर वेगळे झाले व साहित्याचे केंद्र क्वालालुंपुरकडे सरकले. १३ मे १९६९ च्या वांशिक दंगलींनंतर राष्ट्रीय संस्कृतीच्या स्वरूपाविषयी मोठी चर्चा झाली. नोर्दिन हसन ह्याने बुकान लालांग दितिउप आंगिन (१९७०) ह्या नाटकात ह्या अस्वस्थतेस पारंपरिक लोकनाट्याच्या घटकांतून रूप दिले. १९८१ पासून ‘राष्ट्रीय साहित्यिक’ हा सन्मान देण्यात येऊ लागला. त्याचा पहिला मानकरी केरिस मास होता. २०१५ मध्ये झुरीना हसन ही कवयित्री हा सन्मान मिळविणारी पहिली स्त्री ठरली. मुहम्मद हाजी सालेह (ज. १९४२) ह्याने सेजारा मलायूतील प्रसंगांवर कविता रचल्या (१९८१) व जुन्या ग्रंथांच्या अभ्यासास नवी दिशा दिली.

लिपी व परंपरा : विसाव्या शतकात मलायीने रोमन लिपी स्वीकारली. १९५६ मध्ये सिंगापूर येथील मलायी भाषा-परिषदेने तिचा पुरस्कार केला व मलायाच्या १९६३ च्या राष्ट्रभाषा अधिनियमाने तीस अधिकृत लिपी ठरविले. जावीच्या वापरास मात्र मनाई केली नाही. १९७२ मध्ये मलेशिया व इंडोनेशिया ह्यांनी समान लेखनपद्धती मान्य केली. साक्षरतेचा प्रसार व दोन्ही देशांतील ग्रंथव्यवहार ह्यांना त्यामुळे साहाय्य झाले. परंतु त्याचबरोबर सहाशे वर्षांच्या जावी वाङ्मयापासून सामान्य वाचक दुरावला. उपलब्ध हस्तलिखितांपैकी पुष्कळशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील नकला असून त्यांचे मोठे संग्रह क्वालालुंपुर व जाकार्ता ह्यांबरोबरच लायडन व लंडन येथे आहेत. आपल्या पूर्वजांचे ग्रंथ वाचण्यासाठी आजच्या मलायी वाचकास संपादकाने केलेल्या रोमन लिप्यंतरावर अवलंबून राहावे लागते.

इस्लामपूर्व ठेव्याविषयीचा जुना प्रश्नही मिटलेला नाही. केलांतान राज्यात १९९० नंतरच्या दशकात ‘माक योंग’ ह्या प्राचीन नृत्यनाट्यावर, त्यातील विधी व श्रद्धा इस्लामशी विसंगत असल्याच्या कारणावरून, निर्बंध घालण्यात आले. यूनेस्कोने २००५ मध्ये त्याच नाट्यप्रकाराचा मानवजातीचा वारसा म्हणून गौरव केला. २०१९ मध्ये काही अटींवर हे निर्बंध सैल करण्यात आले. रावणाच्या तपश्चर्येला आदमाची मध्यस्थी जोडणाऱ्या आणि नमाजाला ‘सेंबाह्यांग’ म्हणणाऱ्या ह्या भाषेने ह्यापूर्वी अशा पेचातून मार्ग काढलेला आहे. एका श्रद्धेचे शब्द दुसऱ्या श्रद्धेच्या सेवेस लावूनही त्यांचा मूळ नाद हरवू न देणे, हे मलायी साहित्याचे वैशिष्ट्य त्याच्या तेराशे वर्षांच्या लिखित इतिहासात ठळकपणे दिसून येते.